कोपरखैरण्यातलं पाळणाघर: चार स्टार, आणि एक कुठे कापला

पाचपैकी चार. ज्यांना तेवढंच बघायचं होतं त्यांचं काम झालं, बाकीच्यांसाठी जरा सविस्तर लिहितेय कारण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सारखं कोणी ना कोणी विचारतं की कोपरखैरणे-घणसोली साइडला चांगलं डेकेअर सुचवा, आणि उत्तरं काय येतात तर "खूप छान आहे, काकू प्रेमळ आहेत". अहो प्रेमळ असणं चांगलंच, पण प्रेमळ काकूंच्या घरात पण पोर पाण्याच्या टबात पडू शकतं, त्याचं काय? नाव इथे टाकत नाहीये, छोटं पाळणाघर आहे, आधीच वेटिंग आहे आणि खाली तक्रारी पण लिहिल्यात. एरियातल्या लोकांना कळेलच.

सिडकोच्या रो हाउसचा तळमजला. पुढे छोटंसं अंगण, मग हॉल, आत एक झोपायची खोली, मागे किचन आणि त्याच्या मागे तो धुण्याभांड्याचा चौक (त्याच्यावर नंतर येते). भिंतींवर मिकी माऊस वगैरे काही नाही, साधा क्रीम रंग, आणि पहिल्यांदा बघितल्यावर माझा नवरा म्हणाला, हे तर कोणाचं तरी घर वाटतंय. घरच आहे. काकू आधी हॉस्पिटलात सिस्टर होत्या, रिटायर झाल्यावर हे सुरू केलं, आणि ते सिस्टरपण अजून गेलेलं नाही, चांगल्या आणि वाईट दोन्ही अर्थांनी.

इथे का आलो तर माझी २६ आठवड्यांची रजा संपली आणि ऑफिस ऐरोलीला. कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, ५० किंवा जास्त माणसं असली तर कंपनीने पाळणाघराची सोय करायची, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायचं, सगळं आहे त्यात. आमच्या कंपनीने काय केलं, ठाण्यातल्या एका डेकेअरशी टायअप केलं आणि एचआरने मेल टाकला अभिमानाने. म्हणजे मी कोपरखैरण्याहून बाळ घेऊन सकाळच्या ठाणे लोकलला चढायचं, ऐरोली सोडून पुढे ठाण्याला उतरायचं, बाळ ठेवायचं आणि उलटी गाडी पकडून परत ऐरोली. आणि मग चार वेळा भेटायला जायचं! असो.

मुद्द्यावर येते. चार-पाच पाळणाघरं फिरल्यावर माझं मत असं झालंय की पाळणाघर कसं आहे हे ते तुम्हाला कशाकशाला नाही म्हणतात त्यावरून कळतं. वाशीतलं एक चकाचक होतं, एसी, मऊ फ्लोअरिंग, मोबाइलवर लाइव्ह कॅमेरा, तिथल्या मॅडम प्रत्येक गोष्टीला हो म्हणाल्या. थोडा ताप असला तर चालेल? हो हो, आम्ही सांभाळतो. कफ सिरप द्यायचं असलं तर? हो, बाटली पाठवा फक्त. मी म्हटलं घशात काही अडकलं तर काय करता? "पाठीत थोपटतो, पाणी पाजतो." तिथून मी आणि नवरा लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघतच राहिलो.

इथे काकूंना तोच प्रश्न विचारला तर त्या उठल्या, टोपलीतली बाहुली काढली, हाताच्या कोपरापासून पंज्यापर्यंत पालथी घेतली, डोकं खाली, जबडा बोटांत धरलेला, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच फटके. मग उताणी करून छातीच्या मधल्या हाडावर दोन बोटांनी पाच दाब. "हे वर्षाच्या आतल्यांना. वर्षाच्या पुढच्यांना पोटावर, मागून धरून. आणि तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, वस्तू अजून आत जाते." मग आतून मावशीला हाक मारली आणि तिला पण करून दाखवायला लावलं, मावशीने न अडखळता केलं. मी तिथेच ठरवलं होतं खरं तर, बाकीचे प्रश्न उगाच विचारले.

तापाचं बघा. दारातच थर्मामीटर असतो. १००.४ च्या वर असेल तर आत घेत नाहीत, आणि ताप गेल्यावर चोवीस तास झाल्याशिवाय परत आणायचं नाही, ते चोवीस तास पण औषध न देता. आपण सगळे आईबाप एक युक्ती करतो ना, सकाळी साडेसातला पॅरासिटामॉलचे ड्रॉप द्यायचे, पोर थंड होतं, हसत हसत सोडायचं आणि पळायचं. त्याचा असर चार ते सहा तास, म्हणजे बरोबर जेवणाच्या सुमाराला पोर तापायला लागतं आणि तोपर्यंत त्याने सगळ्यांची खेळणी चोखून ठेवलेली असतात. काकूंचा दारातला पहिला प्रश्न, "सकाळी काही औषध पाजलंस का गं?" आणि बघतात अशा की खोटं बोलायची छातीच होत नाही. मला एकदा क्वार्टर एंडला फोन आला, मीटिंगमध्ये होते, "अगं ९९.८ च आहे, पण पोरीचा चेहरा उतरलाय, दूध पण घेतलं नाही. निघ तू." बॉसचं तोंड बघण्यासारखं होतं. मी पण वैतागले, ९९.८ ला काय बोलावतात म्हणून. रात्री १०२ गेला.

गेल्या पावसाळ्यात हँड फूट माउथची साथ आली तेव्हा तर खरी परीक्षा झाली. एका मुलाच्या तळहातावर दोन पुळ्या दिसल्या, काकूंनी त्याच तासाला आईला बोलावलं आणि संध्याकाळच्या आत सगळ्यांना मेसेज, मुलाचं नाव न घेता, की एक केस आहे, तोंडात फोड, तळहात-तळपायावर पुरळ, लाळ गळणं, खायला नको म्हणणं असं दिसलं तर आणू नका, तीन ते सहा दिवसांत बाकीच्यांना निघू शकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाचे बाबा आले भांडायला. डॉक्टरने साधं व्हायरल सांगितलंय, मी फी भरतो, माझी पण नोकरी आहे वगैरे. काकू शांतपणे, "अहो व्हायरलच आहे म्हणून तर नको म्हणतेय. फोड सुकू द्या, ताप जाऊ द्या, मग आणा, मी स्वतः घ्यायला येते हवं तर." तो माणूस दुसरीकडे गेला पोर घेऊन. म्हणजे एक ॲडमिशन गेली. मला त्या बाबांचं पण वाईट वाटलं, दोघं नोकरीवाले, घरी कोणी नाही, करणार काय. पण आत दहा-पंधरा पोरं आहेत त्यांचं काय?

आणि नुसतं घरी पाठवून थांबल्या नाहीत. त्या आठवड्यात कापडी खेळणी सगळी काढून उन्हात, म्हणजे पावसाळ्यात जेवढं ऊन मिळालं तेवढ्यात, प्लॅस्टिकची धुवून ब्लीचच्या पाण्यात. सॅनिटायझर का नाही विचारलं तर म्हणाल्या हा विषाणू त्याला फारसा दाद देत नाही, साबणाने हात चोळून धुणं हाच उपाय. आणि पुरळ गेल्यावर पण शीमधून तो कितीतरी आठवडे येत राहतो, म्हणून लंगोट-डायपरची जागा सगळ्यात महत्त्वाची.

ही डायपरची जागा मी मुद्दाम उभी राहून बघितली. बाकी काही बघू नका कुठल्याही पाळणाघरात पण हे बघा. इथे बाथरूमच्या बाहेर कंबरेएवढा ओटा आहे, किचनपासून लांब, त्यावर रेक्झिनची गादी. मावशी आधी सगळं काढून ठेवते, नवा डायपर, ओला कापूस, कागद, मग बाळ आणते, म्हणजे मध्ये बाळाला ओट्यावर सोडून काही आणायला वळावं लागत नाही. एक हात कायम बाळाच्या पोटावर. घाण डायपर कागदात गुंडाळून पायाने उघडायच्या डब्यात, बाळाला पुसून नवा घातला की बाळाचे पण हात धुते (हे मला माहीतच नव्हतं, पण बरोबर आहे, त्यांचे हात सगळीकडे जातात), बाळाला खाली सोडून मग गादीवर स्प्रे मारून पुसते आणि शेवटी स्वतःचे हात, साबण लावून, बोटांच्या मधून, निवांत. ते ब्लीचचं पाणी रोज सकाळी नवीन करतात, कालचं ओतून देतात कारण त्यातला क्लोरीन उडून जातो. बाटलीवर तारीख लिहिलेली चिकटपट्टी. आणि जी मावशी डायपर बदलते ती त्या पाळीत जेवण भरवत नाही. वाशीच्या त्या एसीवाल्याकडे एकच बाई दोन्ही करत होती, ॲप्रन तोच.

खाण्याच्या बाबतीत नियम जरा जाचक आहेत पण मी काकूंच्या बाजूने आहे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न बंद, दाण्याचं कूट चालतं. द्राक्षं उभी चिरून, अख्खी नाही, कारण गोल आणि गुळगुळीत वस्तू लहान पोराच्या श्वासनलिकेत बुचासारखी बसते. संक्रांतीला कोणीतरी चिक्कीचं पाकीट पाठवलं ते तसंच परत गेलं, पोरांना मऊ तिळाच्या वड्या कुस्करून दिल्या. वाढदिवसाला फुगे नाहीत! यावरून ग्रुपवर केवढा गदारोळ झाला, फुगा नाही तर कसला वाढदिवस म्हणे. फुटलेल्या फुग्याचा तुकडा पोराच्या तोंडात गेला तर तो काढता काढता जीव जातो, हे एकदा समजलं की मग कागदी पताका पण छान दिसतात. वर्षाच्या आतल्याला मध नाही म्हणजे नाही, आजीने दिला असला तरी इथे मिळणार नाही, मधात बोट्युलिझमचे (अंग लुळं पाडणारा आजार) जंतू असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्यात ते वाढतात. माझ्या सासूबाईंचं अजून यावर मत वेगळं आहे.

सासूबाईंवरून आठवलं, काळा दोरा. ही सगळ्यात नाजूक भानगड. लेकीच्या गळ्यात ताईत होता, पंढरपूरहून आणलेला. काकू म्हणाल्या गळ्यात काही चालणार नाही, ना दोरा ना चेन ना वाघनख, झोपेत कशात अडकलं तर गळफास बसतो. मनगटातले काळे मणी पण नकोत, तुटले की तोंडात. घरी हे सांगणं म्हणजे काय ते ज्याच्या घरी सासू आहे तिलाच कळेल. शेवटी तोडगा निघाला, ताईत तिच्या बॅगच्या आतल्या कप्प्यात पिनने लावलाय, दृष्ट बॅगेलाच लागू दे.

झोपवताना वर्षाच्या आतली पाठीवर, उशी नाही, दुलई नाही, अंगात पूर्ण बाह्यांचा झबला. झोळी नाही. झोळी नसल्यामुळे पहिले दिवस आमची बया झोपायलाच तयार नव्हती, काय रडली, मग झाली सवय.

औषधाला चिठ्ठी लागते, किती मिली, किती वाजता, सही. कफ सिरप डॉक्टरच्या कागदाशिवाय नाहीच. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला सिरपमधल्या डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनामुळे पोरं गेली तेव्हा केंद्राने परत सांगितलं की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं द्यायचीच नाहीत, पाचच्या खाली पण शक्यतो नाही, पण काकूंचा नियम त्याच्या आधीपासूनचा. ॲडमिशनला लसीचं कार्ड बघतात, झेरॉक्स ठेवून घेतात. मला आधी वाटलं शो आहे, पण बघा ना, गोवराचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो, म्हणजे पाळणाघरातली सात-आठ महिन्यांची पोरं उघडीच असतात, त्यांना वाचवायचं तर मोठ्यांचे डोस झालेले हवेत. २०२२ च्या शेवटी गोवंडी-भिवंडीला गोवर पसरला तेव्हाची भीती आठवते का कोणाला?

न्यायला कोण येणार त्याची फोटोसकट यादी असते. माझा सख्खा भाऊ ठाण्याहून आला होता, मला उशीर होणार म्हणून म्हटलं घेऊन जा, यादीत नाव टाकायचं राहिलं होतं. लेक दारात "मामा मामा" करून उड्या मारतेय तरी दिली नाही! बिचारा अंगणात उभा, मी ट्रेनमध्ये, रबाळ्याच्या पुढे गाडी थांबलेली, रेंज येत नाही. शेवटी व्हिडिओ कॉल लागला, काकूंनी माझं तोंड बघितलं, त्याचं आधार बघितलं, वहीत सही घेतली, मग सोडलं. भाऊ फुगून बसला होता दोन दिवस. मी काकूंना मनातून हात जोडले.

आता कॅमेरा. हॉलमध्ये आणि झोपायच्या खोलीत आहे, पण मोबाइलवर लाइव्ह देत नाहीत. रेकॉर्डिंग मागितलं की दाखवतात, एकदा मागून बघितलंय. बऱ्याच जणांना हे खटकतं आणि बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर तर खटकणारच, ठाणे जिल्ह्यातलंच ते. पण मला विचाराल तर लाइव्ह कॅमेऱ्यावर लोक फार विसंबतात. नोव्हेंबर २०१६ मधलं खारघरचं आठवा, दहा महिन्यांच्या मुलीला आया मारतेय ती क्लिप आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितली, ती क्लिप आली कुठून? त्याच पाळणाघराच्या कॅमेऱ्यातून. कॅमेरा तेव्हाही होता, मार वाचला नाही. आणि ऑफिसमध्ये बसून कोण आठ तास स्क्रीन बघतं हो, सुरुवातीचे चार दिवस. त्यापेक्षा मला हे आवडलं की इथे दिवसात कधीही न सांगता येऊ देतात, बेल वाजवा, चपला काढा, हात धुवा, या. मी जाऊन आलेय अशी अवेळी, दुपारी झोपेच्या वेळी पण. मावश्यांचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय, कागद फाइलमध्ये आहे, मागितला तर लगेच समोर ठेवला.

बाकीचं पटकन. प्लगवर झाकणं आहेत, आगीचा लाल सिलिंडर दाराजवळ हाताशी आहे, रिफिलची तारीख ताजी, सिलिंडर गॅसचा म्हणाल तर किचनच्या दाराला वरून कडी. भिंतीवर ११२ आणि १०८ आणि जवळच्या बालरोग डॉक्टरचा नंबर मोठ्या अक्षरात. कुंड्यांखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढून टाकतात, डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो म्हणून.

आता तो पाचवा स्टार. साडेपाचला एक मावशी सुटते. त्यानंतर साडेसातपर्यंत एकच मावशी आणि काकू, त्यात काकू दारावर, पालकांशी बोलणं, वही, फोन. म्हणजे आत प्रत्यक्षात एकच बाई आणि रांगणाऱ्यांपासून चार वर्षांच्या धटिंगणांपर्यंत सगळे एकाच हॉलमध्ये. केंद्राच्या २०१८ च्या गाइडलाइनमध्ये तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई आणि मदतनीस धरलीय, आणि ते पण माझ्या मते जास्तच आहेत, एक बाई दहा तान्ही कशी उचलणार आग लागली तर? संध्याकाळी तर ते पण पाळलं जात नाही. ट्रान्स हार्बर लोकल लेट झाली की सगळेच आईबाप लेट, म्हणजे गर्दी कमी होत नाही पण माणसं कमी होतात. माझ्या लेकीच्या कपाळाला टेंगूळ आलं ते याच वेळात, एका मोठ्या मुलाने ट्रक फेकला. वहीत लिहिलं होतं, मला सांगितलं पण, बर्फ लावला होता, लपवाछपवी काही नाही. पण दुपारी तीन माणसं असताना असं कधी झालं नाही हे पण खरं. काकूंना बोलले तर म्हणाल्या बाई मिळत नाही संध्याकाळची, फी वाढवली तर तुम्हीच बोंबलाल. मी म्हटलं वाढवा पाचशे, मी देते. बाकीचे देतील का माहीत नाही.

दुसरं तो मागचा चौक. तिथे निळा पिंप भरलेला असतो, झाकण आहे पण नुसतं ठेवलेलं, आणि चौकाचं दार भांडी घासणारी बाई कधीकधी उघडं टाकते. मी स्वतः बघितलंय. रांगणारं पोर वाकून डोक्यावर पडलं तर बुडायला वीतभर पाणी पुरतं आणि आवाज पण होत नाही. सगळीकडे एवढं काटेकोर असणाऱ्या काकूंना हे कसं दिसत नाही कळत नाही, कदाचित रोज तेच बघून नजर मरते. ग्रुपवर न लिहिता समोर सांगितलंय, "दिवाळीनंतर ग्रिलवाला येणार आहे" असं उत्तर मिळालं. अहो काकू, कडी शंभर रुपयांना मिळते सेक्टरातल्या हार्डवेअरमध्ये, ग्रिलवाला कशाला? शेवटी नवऱ्याने नेऊन दिलीय कडी, लावायची बाकी आहे.

फी साडेनऊ हजार, नाश्ता आणि दुपारचं धरून, डायपर आपले. साडेसातनंतर पंधरा मिनिटांना शंभर, आणि खरंच घेतात, सोडत नाहीत. शनिवारी दोनपर्यंत. सहा महिन्यांच्या आतलं घेत नाहीत. जायचं असेल तर दुपारी एकच्या सुमाराला न सांगता जा, आणि मग परत एकदा संध्याकाळी सहाला जा. दोन्ही बघून ठरवा.